बेस-रोव्हरच्या मोबाइल जोडणीची पार्श्वभूमी

उपग्रहांवरून अचूक मोजणी करताना ज्ञात बिंदूवर मांडलेला रिसीव्हर म्हणजे बेस, आणि मोजणीसाठी फिरवला जाणारा रिसीव्हर म्हणजे रोव्हर. बेस मोजणीतल्या चुकांची दुरुस्ती रोव्हरला पाठवतो, तिलाच सुधारणा म्हणतात. किनाऱ्यालगतच्या खाजन जमिनीत किंवा उघड्या सड्यावर बेसच्या सुधारणा यूएचएफ रेडिओवरून रोव्हरपर्यंत व्यवस्थित पोहोचतात. परंतु गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत रोव्हर डोंगराआड गेला की त्या तुटतात, आणि फिक्स (सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान) जाऊन फ्लोट (कमी अचूक स्थान) येतो. मोबाइल मॉडेमची गरज यातूनच निर्माण झाली.

आरंभीच्या जीएसएम मॉडेममध्ये रोव्हर बेसच्या सिमवर डेटा कॉल लावत असे. सेकंदाला 9600 बिट एवढा वेग सुधारणांना पुरत असला, तरी एका कॉलवर एकच रोव्हर चाले आणि बिल मिनिटांवर येई. जीपीआरएस या मोबाइल डेटा सेवेमुळे आकारणी डेटावर होऊ लागली. एपीएन, म्हणजे मोबाइल कंपनीच्या डेटा जाळ्याचे नाव, भरणे आले आणि फोन नंबराची जागा आयपी पत्त्याने घेतली.

बेसला स्थिर आयपी पत्ता द्यावा की मधला सर्व्हर वापरावा, असा खरा वाद या पत्त्यावरून आहे. बेसलाच सर्व्हर करायचे, तर बाहेरून गाठता येईल असा स्थिर सार्वजनिक पत्ता त्याच्या सिमला हवा. मात्र आशिया-प्रशांत विभागातील आयपीव्ही4 पत्त्यांचा मुक्त साठा एप्रिल 2011 मध्ये संपत आला, आणि एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अशा सामायिक वापरासाठी 2012 मध्ये 100.64 ते 100.127 ही पत्त्यांची श्रेणी राखून ठेवण्यात आली. मॉडेमच्या पडद्यावर या श्रेणीतला किंवा ज्याचा पहिला भाग 10 आहे असा पत्ता दिसत असेल, तर बेस इंटरनेटवर असूनही रोव्हरला सापडत नाही. पोर्ट आणि एपीएन कितीही वेळा बदलले तरी उपयोग होत नाही.

यावरचा उपाय 2004 मध्येच मानक झाला होता. एनट्रिप पद्धतीत बेस आणि रोव्हर दोघेही, सामान्यतः 2101 या पोर्टवर, कॅस्टर नावाच्या सर्व्हरकडे स्वतःहून जातात. सार्वजनिक पत्ता लागतो तो एकट्या कॅस्टरला, आणि एका माउंटपॉइंटवरून (कॅस्टरवरील एका बेसच्या सुधारणांच्या प्रवाहावरून) अनेक रोव्हर सुधारणा घेऊ शकतात. मध्ये तिसरा दुवा नको, तो बंद पडला तर काम थांबते, हा स्थिर आयपीच्या समर्थकांचा आक्षेप रास्त आहे. तरीही प्रत्येक बेससाठी वेगळे, महागडे सिम घेत राहण्यापेक्षा कॅस्टरचाच मार्ग अधिक टिकाऊ आहे.

2016 मध्ये केवळ 4जीवर चालणारे जाळे देशात आले, पुढे इतरांनी 3जी आवरते घेतले आणि जुने मॉडेम निरुपयोगी होत गेले. कॉर्स स्थानकांमुळे (कायमस्वरूपी चालू असणाऱ्या बेस स्थानकांमुळे) अनेक कामांत आता स्वतःचा बेस मांडावाच लागत नाही. सिमची निवड मात्र सोपी झालेली नाही. यंत्रांसाठीच्या 13 अंकी एमटूएम सिमवर डेटा आधी ठरवून दिलेल्या पत्त्यांपुरताच मर्यादित असतो. त्यामुळे ते घेताना कॅस्टरचा पत्ता कंपनीकडे नोंदवून घ्यावा लागतो.