अँटी-डी इंजेक्शन घरी नेताय? आधी हे वाचा

"थंड ठेवा" असं आम्ही काउंटरवर सांगतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "बर्फात अगदी घट्ट ठेवलंय, काळजी करू नका." काळजी तिथेच सुरू होते. हे पत्रक मुख्यतः त्या बर्फासाठी छापलं आहे. बाकीचे नेहमीचे प्रश्नही ओघात घेतले आहेत.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, मग तो ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणताही असो, आणि बाळाचा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता असेल, तर डॉक्टर हे इंजेक्शन लिहून देतात. बाळंतपणात आणि कधी त्याआधीही बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात उतरतं. आईचं शरीर त्या पेशींना परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. याला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुधा सुखरूप सुटतं. पण शरीर ही ओळख विसरत नाही. पुढच्या खेपेला बाळ पॉझिटिव्ह असेल तर त्या अँटीबॉडी वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. मग बाळाचं रक्त कमी होतं, अंगावर सूज येते, जन्मल्याबरोबर कडक कावीळ होते. कधी ते पोटातच दगावतं. अँटी-डीमधून तयार अँटीबॉडी बाहेरून दिल्या की आईचं शरीर स्वतःच्या बनवायला जातच नाही. म्हणून इंजेक्शन आईला द्यायचं. बाळाला नाही आणि नवऱ्यालाही नाही. (हसू नका, हे आम्हाला नेहमी विचारतात.)

ओ पॉझिटिव्ह आई आणि ए किंवा बी गटाचं बाळ यांच्यातही कावीळ होऊ शकते, पण ते प्रकरण वेगळं. त्यावर हे इंजेक्शन चालत नाही, त्यासाठी मागू नये.

आता बर्फाचं. या इंजेक्शनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं, म्हणजे फ्रीजचं. फ्रीजरचं नव्हे. आतला माल म्हणजे प्रथिनं. ती एकदा गोठली की त्यांची घडण बिघडते आणि वितळल्यावर पूर्ववत होईलच असं नाही. गोठून वितळलेलं इंजेक्शन दिसायला कित्येकदा अगदी स्वच्छ दिसतं, त्यामुळे उजेडात धरून पाहण्यात काही अर्थ नाही. ते टोचल्यावर ताप येत नाही, गाठ येत नाही, काहीच होत नाही. सगळे निश्चिंत होतात. ते कामाला आलं नव्हतं हे कळतं पुढच्या गरोदरपणात, तपासणीत अँटीबॉडी सापडल्यावर. आणि एकदा त्या तयार झाल्या की कितीही अँटी-डी दिलं तरी मागे फिरत नाहीत. म्हणून गोठलेलं इंजेक्शन, अगदी एकदाच आणि थोडाच वेळ गोठलेलं असलं तरी, फेकायचं. "डॉक्टरांना दाखवून बघतो" असंही नको. ते तुम्हाला नवीन आणायला पाठवतील आणि त्यात अर्धा दिवस जाईल.

फ्रीजरमध्ये कोणी मुद्दाम ठेवत नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. बहुतेक वेळा घात होतो तो वाटेत. घरचा आइसपॅक फ्रीजरमधून काढला, दगडासारखा कडक असतानाच पिशवीत टाकला आणि इंजेक्शनचं खोकं त्याला चिकटवून ठेवलं, की आतलं द्रव गोठू शकतं. आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवा. हलवल्यावर आत पाणी खळखळलं की तो वापरायला योग्य झाला. मग त्याच्यावर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या किंवा पुठ्ठा, आणि त्यावर इंजेक्शन. आमच्याकडून नेताना हे सगळं आम्हीच करून डबा देतो. कृपया वाटेत त्यात "थोडा अजून बर्फ" घालू नका. घरी ठेवायची वेळ आलीच तर मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, कारण दार सारखं उघडतं. मागच्या भिंतीला टेकवूनही नको, तिथे गोठतं. उलट टोकाची चूकही होते: गार टोचलं तर दुखेल म्हणून काही जण कोमट पाण्यात बुडवून आणतात. तसं करू नका. द्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर ठेवायचं असतं, ते सिस्टर बघतात.

"मागच्या बाळंतपणात घेतलं होतं, परत का?" कारण ही लस नव्हे. दिलेल्या अँटीबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात आणि काही महिन्यांत संपतात. म्हणून २८व्या आठवड्याच्या सुमारास एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर आणखी एक. प्रत्येक गरोदरपणात नव्याने. गर्भपात झाला, गर्भ नळीत राहिला, पोटावर जोरात मार बसला, मध्येच रक्तस्राव झाला, गर्भजलाची तपासणी केली, अशा वेळीही ते लागू शकतं. गर्भ गेल्यावर घरच्यांच्या डोक्यात इंजेक्शनचा विचार नसतो, हे आम्ही समजतो. पण निगेटिव्ह रक्तगटाची आठवण त्या दिवशी डॉक्टरांना नक्की करून द्या.

बाळंतपणानंतरचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं, आणि हे तास जन्माच्या वेळेपासून मोजायचे, डिस्चार्जपासून नाही. बाळाचा रक्तगट कळण्यासाठी नाळेतलं रक्त जन्मल्याबरोबर तपासायला गेलं पाहिजे; तो रिपोर्ट राहून गेला म्हणून तिसऱ्या रात्री धावपळ करणारे पुष्कळ येतात. वेळ टळली तरी सोडून देऊ नका. दहा दिवसांपर्यंत दिल्यास काही फायदा होऊ शकतो, डॉक्टरांना विचारा.

चिठ्ठीवर ३०० लिहिलंय आणि खोक्यावर १५००, म्हणून खोकं परत आणणारेही असतात. ३०० मायक्रोग्रॅम म्हणजेच १५०० आययू; औषध तेवढंच, एकक वेगळं. हा डोस बाळाच्या साधारण १५ मिली लाल पेशींना पुरतो. बाळाचं रक्त त्याहून जास्त मिसळलं असेल तर तपासणी करून डॉक्टर डोस वाढवतात. लिहिलंय त्यापेक्षा लहान डोस "चालून जाईल का" असं आम्हाला विचारू नका, आम्ही देणार नाही.

आणि हो, आयसीटीचं (आईच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का ते पाहणाऱ्या तपासणीचं) रक्त इंजेक्शनच्या आधी द्यायचं. नंतर दिलं तर बाहेरून दिलेल्या अँटीबॉडीच पॉझिटिव्ह दिसू शकतात आणि घरभर घबराट होते.

आमच्या दुकानाबाहेर गेलेलं अँटी-डी आम्ही परत घेत नाही, सील शाबूत असलं तरी. यावरून थोडी नाराजी होते. पण ते मधल्या काळात कुठे होतं हे आम्हाला कळायला मार्ग नाही, आणि तुम्हाला मिळणारं इंजेक्शन कोणाच्या तरी घरून फिरून आलेलं असावं असं तुम्हालाही वाटणार नाही. शिवाय हे औषध कारखान्यात रसायनं मिसळून बनत नाही. बहुतेक ब्रँड दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा रक्त आणि रक्तद्रव दिला; त्यांच्या रक्तात हीच अँटीबॉडी होती. असे दाते मोजके, म्हणून मालही कधी कधी तुटतो.

यावर सोपा उपाय म्हणजे इंजेक्शन आधी घरी नेऊनच ठेवू नका. २६व्या आठवड्याच्या आसपास चिठ्ठीचा फोटो पाठवा. आम्ही तुमच्या नावाने बाजूला काढून आमच्याच फ्रीजमध्ये ठेवतो, सकाळ-संध्याकाळ तापमान नोंदवतो आणि ज्या दिवशी टोचायचं त्याच दिवशी डबा भरून देतो. बाळंतपणानंतरच्या डोससाठीही आधी सांगून ठेवलंत तर बाळाचा रिपोर्ट आल्यावर फक्त एक फोन करायचा. दवाखान्यात पोचल्यावर डबा थेट सिस्टरच्या हातात द्या. इंजेक्शन झालं की रिकाम्या खोक्यावरचा बॅच नंबर आणि तारीख फाइलमध्ये लावून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर पहिल्याच भेटीत ते मागतात.