पायाचे काँक्रीट : ताकद (ग्रामीण विदर्भ)

घराच्या पायातील काँक्रीटने ठरलेल्या मुदतीत गाठायचे दाबबल, म्हणजे दाब सोसण्याची ताकद. ते मोजण्यासाठी १५० मिमी. बाजूचे ठोकळे भरतात, पाण्यात ठेवतात आणि २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. ‘एम २०’ म्हणजे २० न्यूटन प्रति चौ. मिमी.; शंभरातले पाचापेक्षा जास्त निकाल त्याखाली जाऊ नयेत, हे त्यात गृहीत असते. म्हणून मिश्रण बेतताना सरासरी २६.६ धरतात. पोत्यावरचा ४३ किंवा ५३ हा आकडा सिमेंटचा असतो, काँक्रीटचा नव्हे. दोहोंची गल्लत सर्रास होते.

वऱ्हाडातील धाब्याच्या घरांचा पाया दगडाचा, मातीत किंवा चुन्यात बांधलेला असे. कॉलम-फुटिंगची, म्हणजे खांबाखाली सळईच्या काँक्रीटचा रुंद तळ घालण्याची, पद्धत खेड्यांत रुजली ती बहुधा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. याविषयी लिखित साधने थोडी आहेत.

मिस्त्रींच्या तोंडी आजही १:२:४ हेच प्रमाण असते : एक भाग सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. त्याचे मूळ नक्की सांगता येत नाही. गिट्टीतील पोकळी रेतीने आणि रेतीतील पोकळी सिमेंटने भरायची, दोन्हीकडे पोकळी साधारण निम्मी, अशा जुन्या हिशेबातून ते आले असावे. केवळ मोजायच्या सोयीसाठी ते रूढ झाले, असेही मानता येते. मात्र पोकळीचा हिशेब अधिक पटतो. प्रमाणापेक्षा पाणी निर्णायक, हा नियम शिकागोचे डफ एब्रॅम्स यांच्या नावे १९१८ पासून चालतो. फ्रेंच अभियंते रने फेरे यांनी १८९० च्या दशकातच बलाचा संबंध पाणी आणि हवा यांनी व्यापलेल्या जागेशी जोडला होता, त्यामुळे अग्रमान कोणाला द्यावा याविषयी मतभेद संभवतो. व्हायब्रेटरविना (माल हलवून दाट बसवणारे यंत्र), सळईने ठोसून भरलेल्या पायात हवा बरीच उरते. तिथे फेरेंची मांडणी वस्तुस्थितीला जास्त धरून आहे.

भारतीय मानक आयएस ४५६ प्रथम १९५३ मध्ये निघाले. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत लोखंडी सळईच्या काँक्रीटला किमान एम १५ चालत असे, आणि १:२:४ त्याच दर्जाचे. २००० च्या आवृत्तीने किमान दर्जा एम २० केला. त्याचे रूढ प्रमाण १:१॥:३. पायाबाबत एवढ्यावर थांबता येत नाही. याच मानकात निरुपद्रवी मातीत गाडलेले काँक्रीट ‘मध्यम’ परिस्थितीत मोडते आणि त्याला एम २५, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० पर्यंत आणि घनमीटरला किमान ३०० किग्रॅ. सिमेंट सांगितले आहे. ठरीव प्रमाणाचे (१:१॥:३ सारखे) मिश्रण मात्र एम २० पर्यंतच मान्य आहे आणि त्याच्या कोष्टकात पोत्यामागे ३० लिटर पाणी, म्हणजे गुणोत्तर ०.६०, दिले आहे. दोन कोष्टके अशी एकमेकांशी जुळत नाहीत. एकमजली घराचा भार हलका, तेव्हा एम २० पुरे, असे मानणारे पुष्कळ आहेत. भारापुरते ते खरे आहे. पण इथे प्रश्न टिकाऊपणाचा, सळई गंजण्याचा आहे. ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत एम २५ आणि सळईवर चारही बाजूंनी ५० मिमी. कव्हर (काँक्रीटचे आवरण) हेच योग्य.

प्रत्यक्ष कामावर ताकद कशी घटते, ते एका पोत्यात पाहता येते. ५० किग्रॅ. पोत्याला २५ लिटर पाणी घातले की गुणोत्तर ०.५०. माल फावड्याला जड लागतो, म्हणून कोणी आणखी बादलीभर, १० लिटर, ओतले की ते ०.७० होते आणि बल साधारण तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटते. वैनगंगेची वा कन्हानची ओली रेती स्वतःचे पाणी घेऊन येते : दीड फरमा (मोजायची पेटी), म्हणजे ५० लिटरच्या आसपास, रेतीत पाच टक्के ओल असेल तर सुमारे ४ लिटर. शिवाय ओली रेती फुगते, २० ते ३० टक्क्यांपर्यंत, त्यामुळे फरम्यात रेती कमी भरते आणि पायात गिट्टीची पोकळ घरटी राहतात. घमेल्याने मोजले तर घमेल्याघमेल्याच्या शिगेत फरक पडतो. ३५ लिटरचा फरमा सिमेंटच्या एका पोत्याएवढा असल्याने तोच वापरावा.

विदर्भात पाया भरण्याचा मोसम रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंत, म्हणजे पारा ४५ अंशांना भिडण्याचा आणि विहिरी आटण्याचा. उष्ण-कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि राखमिश्रित (पीपीसी) सिमेंटला १४ दिवस तराई (पाणी मारून ओले ठेवणे) हवी. बाजारात मुख्यतः पीपीसी मिळते, आणि खेड्यात तराई बहुधा आठवड्यातच थांबते. ओले बारदान टाकून वर प्लास्टिक अंथरले तर थोड्या पाण्यात मुदत पुरी होते. गिट्टी सावलीत ठेवून पहाटे माल टाकणे हिताचे. टाकतेवेळी मालाचे तापमान ४० अंशांपुढे जाऊ नये.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचाच प्रश्न आहे. तिथल्या क्षारांचा उगम वादग्रस्त आहे. प्राचीन खाजणाचा अवशेष की निचरा कोंडलेल्या खोऱ्यात बाष्पीभवनाने साठलेले क्षार, अशी दोन मते असून दुसरे अधिक ग्राह्य वाटते. बांधकामासाठी महत्त्वाचे ते क्लोराइडचे प्रमाण : सळईच्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिग्रॅ., साध्या काँक्रीटला २,००० मिग्रॅ. ही मर्यादा आहे. त्यामुळे पायाखालच्या पीसीसीला (सळईविना साध्या काँक्रीटचा थर) चालणारे विहिरीचे पाणी फुटिंगला वर्ज्य ठरू शकते. तराईचे पाणीही गोडेच हवे. क्षारयुक्त, आक्रमक मातीत मानक एम ३५ आणि गुणोत्तर ०.४५ पर्यंत जाते. घरकुलाच्या अनुदानात हे बसवणे अवघड आहे. निदान पिण्याच्या नळाचे पाणी आणि दाट, नीट ठोसलेला माल एवढे तरी सांभाळलेच पाहिजे.

काँक्रीट कितीही बळकट असले तरी काळ्या मातीची हालचाल ते थांबवत नाही. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी माती साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत हलते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदणे किंवा तळाशी फुगीर असलेले अंडररीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) घेणे श्रेयस्कर.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, खड्ड्यात झिरपा लागतो. साचलेल्या पाण्यात माल ओतला तर सिमेंट धुऊन जाते. आधी उपसा करून पीसीसीचा थर घालतात आणि तो घट्ट झाल्यावर सळईची जाळी बसवतात.