डिस्कवाला हँडीकॅम आणि ‘फायनलाइज’ची राहून गेलेली पायरी

८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी. वर स्केचपेनने ‘बारसं’ लिहिलंय, खाली लिहिलेल्या भागाचा गडद पट्टा उजेडात धरला की स्वच्छ दिसतोय. तरी टीव्हीजवळचा प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो, आणि कॉम्प्युटर डिस्क कोरी समजून फॉरमॅट करू का, असं विचारतो. अशा वेळी बहुधा डिस्क बिघडलेली नसते, ती फायनलाइज, म्हणजे प्लेअरला वाचता येईल अशी पक्की, करायची राहिलेली असते. ही पायरी मुळात आलीच कुठून, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

डीव्हीडी प्लेअर जपानच्या बाजारात आले नोव्हेंबर १९९६मध्ये. घरगुती कॅमेरा तेव्हा टेपचा होता. १९९५पासून आलेल्या मिनीडीव्हीच्या एका कॅसेटमध्ये तासभर चित्रण मावे, तेही सेकंदाला २५ मेगाबिट या वेगाने, म्हणजे घरच्या वापरासाठी उत्तम दर्जाचं. तक्रारी टेपच्या स्वभावाबद्दल होत्या. हवा तो प्रसंग शोधायला टेप पुढेमागे पळवा, चुकून जुन्यावर नवं चढवा, आणि तासाभराची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला पुरता एक तास बसा. यावर डिस्कचा उतारा दिसला. सोनीने १९९९मध्ये मिनीडिस्कवर चित्रण करणारा कॅमेरा काढून पाहिला. २००० साली हिताचीने जपानमध्ये डीव्हीडी-रॅमचा कॅमेरा आणला, पाठोपाठ पॅनासॉनिकही त्याच वाटेने गेलं.

डीव्हीडी-रॅम हा खरं तर हुशार प्रकार. हार्ड डिस्कसारखं मधलंच दृश्य पुसता येई, मोकळी झालेली जागा पुन्हा वापरता येई, फायनलाइज वगैरे भानगड नव्हती. गोल पारदर्शक होल्डरमध्ये बसवलेली दोन बाजूंची डिस्क, एका बाजूला उत्तम दर्जात सुमारे १८ मिनिटं, साध्या दर्जात तासभर. बाजू संपली की डिस्क उलटी करा. अडचण एकच, पण ती मुळावर येणारी: बैठकीतले बहुतेक प्लेअर ही डिस्क वाचतच नसत. ‘कॅमेऱ्यातून काढा, प्लेअरमध्ये घाला’ हे जे विकायचं होतं, तेच होत नव्हतं.

म्हणून डीव्हीडी-आर आली. ती प्लेअरला चालते, पण एकदाच लिहिता येते. फसलेला शॉट यादीतून गेला तरी जागा परत मिळत नाही. मग पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू आली, आणि तिच्यात दोन मोड: व्हिडिओ मोड प्लेअरला चालणारा, व्हीआर मोड कॅमेऱ्यातच काटछाट करू देणारा पण थोड्याच प्लेअरना कळणारा. मोड डिस्क फॉरमॅट करतानाच ठरवायचा, नंतर बदलायचा तर आधीचं सगळं पुसायचं. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीबाबत कंपन्यांचे १९९७पासूनच दोन तट पडलेले, त्यामुळे ‘वजा’च्या (डीव्हीडी-आरडब्ल्यू) जोडीला ‘अधिक’वाली आरडब्ल्यू (डीव्हीडी+आरडब्ल्यू), आणि पुढे २.६ जीबीची दोन थरांची डिस्कही आली. कॅमेऱ्याच्या झाकणावरची चिन्हं डिस्कच्या वेष्टनावरच्या चिन्हांशी ताडून घेतल्याशिवाय खरेदी म्हणजे जुगार होता.

आता ती पायरी. चित्रण चालू असताना कॅमेरा डिस्कवर चित्राची माहिती लिहीत जातो, पण अनुक्रमणिका तात्पुरती, स्वतःला समजेल अशी ठेवतो. उद्या आणखी दृश्यं वाढणार असतात, तेव्हा यादी आज पक्की करून चालत नाही. प्लेअरला मात्र सुरुवातीचा पट्टा, शेवटचा पट्टा आणि मधली पक्की यादी लागते. ते सगळं लिहिणं म्हणजे फायनलाइज. वही बांधून तिला अनुक्रमणिका चिकटवण्यासारखं. डीव्हीडी-आरवर हे झालं की पुढे एक सेकंदही चित्रण होत नाही, व्हिडिओ मोडमधल्या वजा आरडब्ल्यूवर अनफायनलाइज करून पुढे जाता येतं.

यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, की डिस्कवर जितकं कमी चित्रण, तितका फायनलाइजला वेळ जास्त. प्लेअरची लेन्स भरकटू नये म्हणून डिस्कचा ठरावीक किमान भाग लिहिलेला असावाच लागतो. पाच मिनिटांचंच चित्रण असेल तर उरलेली जागा कॅमेरा नुसतीच भरत बसतो. म्हणून माहितीपुस्तिकेत ठळकपणे लिहिलेलं असे की अ‍ॅडॅप्टर लावूनच फायनलाइज करा, कॅमेरा सपाट जागी ठेवा, हलवू नका. लग्नघरी पाहुण्यांना लगेच दाखवायचं म्हणून अर्ध्या बॅटरीवर सुरू केलेलं काम मध्येच बंद पडलं, की डिस्क ना इकडची ना तिकडची.

बाकीच्या कटकटी फिरत्या चकतीच्या. चकती घातल्यावर कॅमेरा ती ओळखेपर्यंत थांबावं लागे, टेपसारखं बटण दाबलं की सुरू असं नाही. धक्का बसून लेझरचा नेम चुकला तर थोडा वेळ आतली मेमरी सांभाळून घेई, पण धावत्या जीपमधून चित्रण करताना ती अपुरी पडे. शांत खोलीत मोटरची घरघर माइकमध्ये यायची. आणि झाकण उघडलं की वाचणारी लेन्स उघडी, तिच्यावर धूळ किंवा बोट लागलं की चांगली डिस्कही नाकारली जाई. सोनीच्या कॅमेऱ्यात ‘सी:१३’ने सुरू होणारा कोड दिसला की आधी डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायची, गोल फिरवून नाही.

दर्जाचं गणितही डिस्कच्या आकाराने बांधलेलं. १.४ जीबीत सुमारे ९ मेगाबिट वेगाने २० मिनिटं, ६ने ३०, ३ने ६०. मिनीडीव्हीच्या २५पुढे हे आकडे किरकोळ होते. दाबून बसवण्याची एमपीईजी-२ पद्धत स्थिर चेहऱ्यावर छान चाले, पण मिरवणुकीत गुलाल उधळला की तासभराच्या मोडमध्ये त्याचे चौकोनी ठोकळे दिसत. ते आज कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत. अमेरिकेतल्या भाचीने आणलेला कॅमेरा असेल तर आणखी एक गोष्ट: त्याचं चित्रण एनटीएससी, म्हणजे सेकंदाला जवळपास ३० चित्रं, इथलं पाल २५. एकाच फिल्ममध्ये दोन्ही जोडली की हालचाल अडखळते.

२००६मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी हे हाय डेफिनिशन चित्रणाचं स्वरूप जाहीर केलं आणि त्याच छोट्या डीव्हीडीवर हाय डेफिनिशन लिहायला सुरुवात झाली. सर्वोच्च दर्जात पंधराच मिनिटं, आणि ती डिस्क साध्या प्लेअरमध्ये घातली तर बाहेर येणार नाही, असा इशारा पुस्तिकेतच! २००७मध्ये हिताचीने ८ सेंटिमीटरच्या ब्लू-रे डिस्कचा कॅमेराही काढला. पण जेव्हीसीचे हार्ड डिस्कवाले कॅमेरे २००४पासून होते, एसडी कार्डं स्वस्त होत होती. २०१०च्या आसपास डिस्कवाले दुकानांतून गेले.

आज अशी डिस्क हाती आली तर कॉम्प्युटरने विचारलेल्या फॉरमॅटला आधी ‘नाही’ म्हणा. मूळ कॅमेरा किंवा त्याच कंपनीचा जवळचा मॉडेल मिळाला तर अ‍ॅडॅप्टर लावून त्यातच फायनलाइज करा. नाही मिळाला तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर यादीशिवायही दृश्यं शोधून काढतं. ड्राइव्ह ट्रेचा हवा. ट्रेमधल्या आतल्या खोलगट वर्तुळात डिस्क बसते, फट असलेल्या ड्राइव्हमध्ये ती अडकते. डिस्क वाचली गेली की एकेक फाइल उघडत बसण्यापेक्षा आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब प्रत, घ्या, कारण आतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि दमटपणाने झिजत असतो आणि पुढच्या वेळी ती वाचली जाईलच असं नाही.

व्हिडिओ मोडच्या डिस्कवर चित्रण व्हीओबी फायलींत असतं. एक फाइल १ जीबीपर्यंतच जाते, म्हणून भरलेल्या डिस्कवर दोन सापडतात. त्या वेगवेगळ्या रूपांतरित न करता क्रमाने जोडून मगच पुढचं काम करा, नाहीतर सांध्यावर आवाज तुटतो. व्हीआर मोडमध्ये एकच मोठी व्हीआरओ फाइल असते, तिच्या नावाचा शेवट बदलून एमपीजी केला की बहुतेक प्लेअर उघडतात. रूपांतर करताना डीइंटरलेस चालू ठेवा. हे चित्रण एकाआड एक ओळींचं आहे, आणि तसंच सोडलं तर धावणाऱ्या पोराच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा कायमच्या उमटतात.