पन्नास हर्ट्झवरचा मारिओ: गेमच्या संगीताची मुंबईतली पार्श्वभूमी

व्हिडिओ गेमच्या संगीताला गेल्या काही वर्षांत चांगलाच मान मिळू लागला आहे. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन जपानी गेमच्या संगीतावर झालं. 2023 मध्ये ग्रॅमीत गेमच्या संगीतासाठी पहिल्यांदाच स्वतंत्र पुरस्कार दिला गेला. त्याच वर्षी 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची मुख्य धून अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झाली. गेमच्या संगीताची ती तिथली पहिलीच नोंद. साहजिकच आवडत्या साउंडट्रॅकच्या गप्पांना जोर आला आहे, आणि नव्वदच्या दशकात मुंबईत वाढलेल्या माणसांच्या यादीत मारिओ, काँट्रा, रोड फायटर, सर्कस चार्ली, बॉम्बरमॅन ही नावं हमखास असतात. पण नोंदवहीत गेलेला मारिओ आणि गिरगाव-परळच्या घरांत वाजलेला मारिओ तंतोतंत एक नव्हेत. त्यांतला फरक कानाला कळतो आणि आकड्यांत मांडताही येतो.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चार उतरते स्वर पुन्हा पुन्हा वाजत आणि शत्रू कमी होत गेले की त्यांची लय चढत जाई. खेळणाऱ्याची अवस्था संगीताने ऐकवायची, ही कल्पना तेव्हापासूनची. 1983 मध्ये जपानात निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आला. त्याच्या चिपमध्ये आवाजासाठी पाचच वाटा होत्या: सुरावटीसाठी दोन, खर्जासाठी एक, खरखरीतून ताल काढण्यासाठी एक आणि छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवण्यासाठी एक. 1985 चा मारिओ, म्हणजे त्यातली चित्रं, नियम आणि संगीत सगळं धरून, 40 किलोबाइटमध्ये बसला होता. मोबाइलमधला साधा फोटोसुद्धा याच्या कित्येक पट जागा खातो.

इतक्या कमी जागेत लांबलचक रचना ठेवणं शक्यच नव्हतं. धून छोटी असणार आणि ती फिरून फिरून येणार, हे ठरलेलंच होतं. संगीतकारापुढचं खरं काम होतं ते शंभराव्या फेरीलाही ऐकणाऱ्याला न कंटाळवणारी धून बांधण्याचं. तबल्याच्या एकल वादनात लहरा, म्हणजे साथीला फिरत राहणारी छोटी धून, तासभर तोच राहतो, तरी तो खटकत नाही, कारण लक्ष तबल्यावर असतं आणि लहरा त्या लक्षाला आधार देतो. मारिओ किंवा काँट्राच्या धुनीचं काम अगदी हेच आहे. हात आणि डोळे खेळात गुंतलेले असताना ती कानातून आत शिरते आणि कायमची राहते. तीस वर्षांनीही माणसं ती न चुकता गुणगुणतात त्याचं कारण केवळ बालपणाच्या ओढीत शोधणं मला अपुरं वाटतं. त्यात रचनेचं कसब आहे, आणि गप्पांमध्ये त्याला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही.

आता मुंबई. फॅमिकॉम इथल्या घरांत पोहोचला तो बहुतांशी नकलेच्या रूपात. अस्सल परदेशी यंत्रं हाजीअलीच्या हिरा पन्नात किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटात पाहायला मिळत, पण किंमत ऐकून पालक काढता पाय घेत. नव्वदच्या दशकात तैवानी चिपवर बनलेले स्वस्त क्लोन आले आणि लॅमिंग्टन रोडपासून उपनगरातल्या खेळण्यांच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिसू लागले. मुलं त्यांना सरळ 'व्हिडिओ गेम' म्हणत. अँटेनाच्या जागी वायर खोचायची, टीव्हीचा चॅनल जुळवायचा, कॅसेटवर फुंकर मारून ती आत दाबायची. '64 इन 1' लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच दहा-बारा गेम नावं बदलून येत. उन्हाळ्याच्या सुट्टीत यंत्र भाड्यानेही मिळे. ज्यांच्या घरी व्हिडिओ गेम होता त्यांच्याकडे वाडीतली निम्मी मुलं जमत, आणि आपली पाळी येईपर्यंत बसलेल्या मुलांच्या वाट्याला चित्राइतकंच संगीतही येई.

फरक पडला तो टीव्हीमुळे. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला सुमारे 60 वेळा पडदा रंगवायचा. भारतात टीव्हीची पाल पद्धत होती, म्हणजे सेकंदाला 50 वेळा, अर्थात 50 हर्ट्झ. त्या काळच्या बहुतेक गेममध्ये संगीताला स्वतःचं घड्याळ नसे. पडदा एकदा रंगवून झाला की संगीत एक पाऊल पुढे सरके. पडदा सावकाश रंगला की संगीतही सावकाश, तब्बल एक षष्ठांशाने. मिनिटाला 120 ठोके असलेली धून इथल्या टीव्हीवर 100 ठोक्यांवर येई. मारिओचं घड्याळही पडद्याच्या फेऱ्यांवरच चाले: 24 फेऱ्यांना एक आकडा कमी. 400 पासून 100 पर्यंत, म्हणजे संगीत घाईला येतं त्या क्षणापर्यंत, पोहोचायला जपानी मुलाला 120 सेकंद मिळत, मुंबईतल्या मुलाला 144. आपण जास्त वेळ टिकत होतो, हे निदान मारिओपुरतं खरंच आहे.

युरोपातही 50 चाच टीव्ही, पण तिथली गोष्ट वेगळी. तिथल्या अधिकृत यंत्रात चिपची गतीही उतरवलेली होती. त्यामुळे गेम तसाच ठेवला तर लय मंदावेच, वर स्वरही अर्ध्या पट्टीहून थोडे जास्त खाली येत. मारिओसारख्या काही गेमची युरोपीय आवृत्ती निर्मात्यांनी नीट दुरुस्त करून दिली होती. क्लोनवाल्यांनी दुसरी युक्ती काढली. चिपची गती जपानी यंत्राच्या जवळपास ठेवली आणि पडद्याच्या 262 रेषांच्या जागी 312 करून मधला वेळ रिकामा घालवला. परिणामी सूर जवळजवळ मूळचाच राहिला, लय तेवढी उतरली. शिवाय कॅसेटमध्ये असायचा तो जपानी किंवा अमेरिकी प्रोग्रॅम, युरोपासाठी दुरुस्त केलेला नव्हे. सूर जपानचा आणि लय पाल टीव्हीची, असा मेळ ना जपानात ऐकू आला, ना युरोपातल्या अधिकृत यंत्रावर.

भरीस भर म्हणजे अनेक क्लोनच्या चिपमध्ये सुरावटीच्या दोन वाटांचे दोन पोत उलटसुलट झालेले होते. मूळ यंत्रावर जिथे किनरा, नाकातला आवाज अपेक्षित असे तिथे पोकळ, गोलसर आवाज येई, आणि उलटही. टीव्हीचा छोटा स्पीकर खर्ज गिळून टाकी तो वेगळाच. हे सगळं जमेस धरलं की यूट्यूबवर मूळ धून पहिल्यांदा ऐकणारे मुंबईकर 'ही फास्ट केलीय का?' असं का विचारतात ते कळतं. त्यांचे कान त्यांना दगा देत नसतात.

वाद आहे तो यानंतरचा. जुने गेम नव्याने विकायला काढताना 60 ची आवृत्ती द्यायची की 50 ची? निन्टेंडोच्या 2006 मध्ये आलेल्या अधिकृत डाउनलोड सेवेने युरोपात अनेक जुने गेम 50 वरच दिले आणि तिथले जाणकार चिडले. त्याच कंपनीने 2016 मध्ये फॅमिकॉमच्या पाश्चात्त्य रूपाची छोटी प्रतिकृती काढली तेव्हा युरोपातही 60 ची आवृत्ती दिली. 2018 मध्ये पहिल्या प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती आली. तिच्यातल्या 20 पैकी 9 गेमची आवृत्ती 50 ची निघाली, आणि तिच्यावर इतकी टीका झाली की यंत्राच्या बाकी गुणदोषांची चर्चा बाजूलाच पडली.

60 च्या बाजूने युक्तिवाद सरळ आहे. संगीतकाराने ज्या लयीत धून बांधली तीच लय खरी, 50 ची आवृत्ती म्हणजे तांत्रिक तडजोड. जपानी गेमपुरता तो बिनतोड वाटतो. पण युरोपात कॉमोडोर 64 या घरगुती संगणकासाठी लिहिणाऱ्यांनी मुळातच 50 साठी धुनी बांधल्या. त्या अमेरिकी यंत्रावर धावत सुटतात आणि तिथे 60 ची आवृत्तीच चुकीची ठरते. म्हणजे नियम एकच नाही, रचना कुठे झाली ते पाहावं लागतं. आणि माझ्या मते एवढंही पुरत नाही. एखादं संगीत कसं बांधलं गेलं याइतकंच ते कुणी, कसं ऐकलं हाही इतिहासाचा भाग आहे. भारतात, रशियात आणि पूर्व युरोपात लाखो मुलांनी मारिओ मंद लयीत ऐकला. ती मुलं चुकीचं ऐकत होती असं म्हणून विषय संपवणं हा त्या ऐकण्यावर अन्याय आहे. नव्याने विकताना 60 ची आवृत्ती द्यावी, हे मला मान्य आहे. 50 ची आवृत्ती कुठेच जपली जाऊ नये, हे मात्र मान्य नाही.

जतनाचं थोडंफार काम झालं आहे ते हौशी लोकांच्या हातून. जुनी यंत्रं संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये, म्हणजे इम्युलेटरांमध्ये, जपानी-अमेरिकी आणि युरोपीय यांच्या जोडीला 'डेंडी' नावाची तिसरी सेटिंग असते. डेंडी हा 1992 मध्ये रशियात आलेला क्लोन, आणि त्याची वेळेची जुळणी आपल्याकडच्या पाल क्लोनसारखीच. ती सेटिंग निवडली की मारिओ ओळखीच्या लयीत चालू लागतो. मुंबईत विकल्या गेलेल्या यंत्रांची स्थिती याहून वाईट आहे. कोणत्या यंत्रात कोणती चिप होती, कुठल्या कॅसेटमध्ये कोणता प्रोग्रॅम होता, याची यादी करायची तर माळ्यावर पडलेली यंत्रं उघडून पाहावी लागतील, आणि भंगारात जाण्याआधी ती उघडावी लागतील.

सीडी आली आणि हा प्रश्न बहुतांशी मिटला. रेकॉर्ड करून ठेवलेलं संगीत टीव्हीची पर्वा न करता आपल्या लयीत वाजतं. मग आला सायबर कॅफेंचा काळ. 'रोड रॅश'च्या संगणकावरच्या आवृत्तीत अमेरिकी रॉक बँडची गाणी होती, पण इथे फिरणाऱ्या अनेक कॉप्यांमधून जागा वाचवण्यासाठी व्हिडिओ आणि गाणी काढून टाकलेली असत. 2002 च्या 'व्हाइस सिटी'ने तर गाडीत बसताच ऐंशीच्या दशकातला रेडिओ सुरू केला, आणि इथल्या कित्येक मुलांना ती गाणी पहिल्यांदा भेटली ती अशी. विकतच्या गाण्यांची अडचण पुढे उघड झाली. त्याच मालिकेतल्या 2008 च्या 'जीटीए 4'मधली बरीच गाणी परवान्याची मुदत संपल्यावर 2018 मध्ये अपडेटने काढून टाकण्यात आली. पैसे देऊन घेतलेल्या गेममधलं संगीत असं मागाहून नाहीसं होऊ शकतं, ही गोष्ट कॅसेटच्या काळात कुणाच्या ध्यानीमनीही आली नसती.

आजच्या मुलांची यादी वेगळी आहे. मारिओनंतर 2025 मध्ये त्याच अमेरिकी नोंदवहीत 'माइनक्राफ्ट'चा 2011 चा अल्बम गेला. शांत, संथ, अभ्यास करताना किंवा लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकता येईल असं ते संगीत आहे. खेळ न खेळताही गेमचं संगीत ऐकायचं, हे त्या पिढीला स्वाभाविक वाटतं. आपल्या बाजूने पाहिलं तर पुण्यात घडलेला 'राजी' हा गेम 2020 मध्ये आला. प्राचीन भारताच्या त्या कथेसाठी एका ग्रीक संगीतकाराने भारतीय वाद्यं वापरून संगीत दिलं आणि ते जमूनही आलं. मुंबईत चित्रपटाच्या पार्श्वसंगीतावर पोट असलेले शेकडो वादक आणि सुसज्ज स्टुडिओ आहेत. गेमसाठी त्यांना बोलावणं येतं ते फार क्वचित, कारण इथे बनणारे बहुतेक गेम मोबाइलचे, छोट्या बजेटचे, आणि त्यांत संगीताचा खर्च सगळ्यात शेवटी धरला जातो.