हवाईचा वारा बिघडतो म्हंजे काय होतं, आणि लाटेच्या फुटांचं जुनं भांडण

हवाई बेटांच्या हवामान बुलेटिनमध्ये 'वारे अस्थिर, समुद्र खवळलेला' असं आलं की आपल्याकडं खानापूर-बेळगावच्या ज्या घरातली पोरं क्रूझवर नाहीतर मालाच्या जहाजावर आहेत तिथं फोनाफोनी सुरू होते, वादळ आलं काय, बोट थांबवली काय. बहुतेक वेळा वादळबिदळ काही नसतं, रोजचा वारा जरा वाकडा झालेला असतो एवढंच. पण तो वाकडा झाला की काय काय होतं आणि बुलेटिनमधले लाटांच्या उंचीचे फूट कुठले, यामागं बराच इतिहास आहे म्हणून हे लिहितोय.

व्यापारी वारे कुठून कुठं वाहतात ते शाळेत झालंय, परत काढत बसत नाही. हवाईच्या ईशान्येला समुद्रावर जास्त दाबाचा पट्टा बसलेला असतो, तो जागेवर असला की उन्हाळ्यात दहातले आठ-नऊ दिवस ईशान्य-पूर्वेकडनं वारा येतो, हिवाळ्यात हे प्रमाण बरंच खाली येतं. साधारण दोन किलोमीटर उंचीवर गरम हवेचा थर असतो, ढग त्याच्या वर चढू शकत नाहीत, म्हणून वाऱ्याकडच्या उतारावर बारक्या सरी आणि डोंगराच्या पलीकडं कोरडं. आपल्याकडं वारा उलट्या बाजूचा, पण कणकुंबीला झड लागलेली असताना अथणीला धूळ उडत असते, सेम तोच प्रकार. फक्त तिथं तो एकाच बेटावर आहे, हिलोला वर्षाला ३,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कवाईहाईला २५० सुद्धा धड नाही.

आता बिघाड. हिवाळ्यात उत्तरेकडनं थंड हवेची आघाडी आली की दाबाचा पट्टा सरकतो, वारा पडतो नाहीतर दिशा बदलतो. किंवा वरच्या थरात थंड हवेचा कमी दाब येऊन बसतो, मग ते गरम हवेचं झाकण फुटतं आणि ढग थेट वर चढतात, भुरभुरीच्या जागी ढगफुटीसारखा पाऊस. तिसरा प्रकार कोना, म्हंजे पश्चिमेच्या बाजूला कमी दाब तयार होऊन वारा दक्षिण-नैर्ऋत्येकडनं येतो आणि जी बाजू वर्षभर कोरडी ती धुऊन निघते. जे बंदर रोजच्या वाऱ्याच्या आडोशाला म्हणून बांधलं तेच त्या दिवशी उघडं पडतं.

शिडाच्या जहाजांचा काळ मी पटकन उरकतो, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. १६८६ साली एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं (धूमकेतूला ज्याचं नाव आहे तोच) व्यापारी वारे आणि आपला मान्सून असे दोन्ही एका नकाशावर काढले, १७३५ मध्ये दुसऱ्या एकानं पृथ्वीच्या फिरण्याशी त्याचा संबंध जोडला. मला त्यातली एकच गोष्ट भारी वाटते. स्पेनची जहाजं १५६५ पासून अडीचशे वर्षं मेक्सिको ते मनिला ये-जा करत होती, जाताना खाली व्यापारी वाऱ्यावर, येताना पार वर जाऊन पश्चिमी वाऱ्यावर, आणि हवाई बरोबर या दोन वाटांच्या मधे. त्यामुळं युरोपियन जहाज तिथं पोचल्याची पक्की नोंद थेट १७७८ ची. पॉलिनेशियन लोक त्याच्या कितीतरी शतकं आधी, होकायंत्र नसताना, दक्षिणेकडनं येऊन तिथं राहिलेले होते, हे मात्र आपल्या पुस्तकात एका ओळीत उरकतात.

त्या जुन्या दर्यावर्दी पद्धतीनं खरंच जाता येतं का हे दाखवायला १९७६ साली होकुलेआ नावाची दुहेरी होडी हवाईहून ताहितीला गेली, आणि पोचली. दुसऱ्या सफरीला १६ मार्च १९७८ ला होनोलुलूहून निघाली त्या दिवशी वारा जोराचा आणि समुद्र मोठा होता, तरी निघाली. मोलोकाई बेटाजवळच्या सामुद्रधुनीत रात्री उलटली. खलाशांमधला एकजण ओआहू बेटावरच्या वायमिया बेचा पहिला लाईफगार्ड होता, नावाजलेला सर्फर (फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणारा), तो मदत आणतो म्हणून आपल्या फळीवर लानाई बेटाकडं निघाला आणि परत कधी सापडला नाही. बाकीच्यांना नंतर वाचवलं. त्याच्या नावानं वायमियाला स्पर्धा असते, पण ती दरवर्षी होत नाही, लाटा लोकल मापानं २० फूट आल्या तरच. लोकल मापानं २० म्हंजे समोरून ४०. भांडण आहे ते इथंच.

हवाईचे सर्फर लाट मोजतात ती समोरून दिसणाऱ्या भिंतीच्या साधारण निम्मी. का, याची तीन-चार कारणं सांगतात. कोण म्हणतं लाट मागच्या बाजूनं, समुद्राकडनं मोजायची, कोण म्हणतं फुटायच्या आधीची खोल पाण्यातली उंची धरायची, आणि कोण सरळ म्हणतं की 'काय नाही ओ, सहाच फूट होती' असं म्हणण्यात मर्दानगी. कारण काही असो, किनाऱ्यावरचे लाईफगार्ड, रेडिओ, हवामान कचेरी सगळे त्याच मापात बोलत होते. २००१ साली हवामान कचेरीनं ठरवलं की आता जाहीर आकडा समोरच्या पूर्ण उंचीचा. एका रात्रीत ८ फुटाच्या लाटा १५ फुटाच्या झाल्या, समुद्र तोच.

जुन्या लोकांनी आरडाओरड केली आणि त्यांचं सगळंच चूक नव्हतं. ओआहूच्या उत्तर किनाऱ्याच्या रोजच्या नोंदी १९६८ पासून लोकल मापात ठेवलेल्या आहेत, मधेच माप बदललं तर तीस वर्षांची वही वाया. दुसरं म्हंजे समोरून मोजायचं तर लाटेचा पाया कुठं धरायचा, किनाऱ्यावर उभं राहून नजरेनंच ठरवायचं ना, मग ते तरी कुठं शास्त्रीय. तिसरा मुद्दा बोलून कमी दाखवायचे पण खरा तोच होता, की बाहेरच्या लोकांसाठी आमची भाषा का बदलायची.

बदलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. टुरिस्ट ६ फूट ऐकतो, म्हणतो माझ्याएवढीच आहे की, आणि पाण्यात उतरतो, समोर येते बारा फुटाची. मला स्वतःला हीच बाजू पटते. पावसाळ्यात गोव्याला जाणारी आपली बेळगावची पोरं बघा, लाल झेंडा लावलेला असतो, लाईफगार्ड शिट्टी मारून मारून दमतो, आणि ही 'गुडघाभर तर पाणी हाय' म्हणत आत. ज्याला समुद्र कळतो त्याला आकड्याची गरजच नसते, इशारा ज्याला कळत नाही त्याच्यासाठी असतो, मग माप त्याचंच पाहिजे. पुढं २००५ च्या आसपास जुन्या नोंदी समुद्रातल्या बॉयाच्या (लाटा मोजणारं तरंगतं यंत्र) आकड्यांशी लावून बघितल्या तर लोकल मापाच्या दुप्पट केलं की समोरची उंची बऱ्यापैकी जुळते असं निघालं, म्हंजे वही वाया गेली नाही, नुसतं दोननं गुणायचं.

तरी घोळ संपलेला नाही. बुलेटिनमध्ये 'समुद्र ८ फूट' असतं ते तिसरंच. ती उघड्या समुद्रातली उंची, सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, म्हंजे अधूनमधून एखादी जवळपास दुप्पटही येते. जहाजावरच्या पोराला हाच आकडा लागतो, किनाऱ्यावरचा नाही. वारा २५ नॉट, म्हंजे ताशी ४६ किलोमीटर, किंवा समुद्र १० फूट झाला की लहान बोटींना इशारा निघतो. माउई बेट आणि मोठं बेट (हिलो आहे ते) यांच्या मधल्या सामुद्रधुनीत वारा दोन डोंगरांमधनं दाबून येतो, तिथं हा इशारा इतक्या वेळा असतो की तो बघून घाबरायचं काही कारण नाही. शिवाय दोन लाटांमधले सेकंद बघायला पाहिजेत, ८ सेकंदाची वाऱ्याची लाट आणि लांबच्या वादळाकडनं आलेली १६ सेकंदाची लाट खोल पाण्यात एकाच उंचीची असली तरी किनाऱ्यावर दुसरी कितीतरी मोठी होऊन फुटते. फोनवर हे कोण सांगत नाही.

अलीकडचं चित्र गुंतागुंतीचं आहे. होनोलुलू विमानतळाच्या नोंदीत ईशान्य वाऱ्याचे दिवस १९७३ ला वर्षात २९१ होते ते २००९ ला २१० वर आले, त्यातला बराच वारा पूर्वेकडं सरकला. म्हणून 'व्यापारी वारे मरायलेत' असे मथळे आले, आणि त्याच सुमारास दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की अख्ख्या पॅसिफिकचा हिशेब केला तर १९९० नंतर वीसेक वर्षं हे वारे जास्त जोरात होते. एका विमानतळाची नोंद आणि अख्खा महासागर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मथळ्यात ते मावत नाही. एप्रिल २०१८ मध्ये वरच्या थरातल्या कमी दाबानं कवाई बेटावर २४ तासांत ४९.६९ इंच, म्हंजे साडेबाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पाडला, अमेरिकेतला तो विक्रम आहे.

आणि ऑगस्ट २०२३. उत्तरेला जास्त दाब, दक्षिणेला शेकडो मैलांवरनं एक चक्रीवादळ चाललेलं, ते बेटांवर आलंसुद्धा नाही, पण या दोघांच्या मधे दाबातला फरक वाढला आणि रोजचाच वारा पश्चिम माउईच्या डोंगरावरनं खाली कोसळत लाहैना गावात घुसला. वाळलेलं गवत, पडलेले विजेचे खांब, १०० च्या वर माणसं गेली. जोराच्या वाऱ्याचा आणि आगीचा इशारा आधी दिलेला होता. पण वाऱ्याचं नाव घेतलं की सगळ्यांचं लक्ष समुद्राकडं जातं, डोंगराच्या कोरड्या उताराकडं कोण बघत नाही, माझ्या मते तरी तिथं हेच झालं. जुलै २०२४ पासून तिथली वीज कंपनी वारा आणि कोरडी हवा एकदम आली की धोक्याच्या भागातली लाईन आधीच बंद करायची योजना चालवते, त्यामुळं आता लोक समुद्राच्या फुटांबरोबर वाऱ्याचा वेग आणि हवेतला ओलावा पण बघायलेत.