थर्मोडायनॅमिक्स जन्माला आलं ते कोळशाच्या बिलातून

कॉलेजात थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या शास्त्राचा, क्रम ठरलेला असतो. आधी पहिला नियम, मग दुसरा, मग कार्नो सायकल (आदर्श इंजिनाची फेरी) आणि सगळ्यात शेवटी इंजिनं. प्रत्यक्षात घडलं ते जवळजवळ उलटं. इंजिनं आधी आली, शंभरेक वर्षं धडधडत राहिली, मग दुसऱ्या नियमाचा गाभा हाती लागला आणि पहिला नियम त्यानंतर वीसेक वर्षांनी. आणि हे सगळं मुळात सुरू झालं कारण खाणमालकांना कोळसा परवडत नव्हता.

1712 मध्ये इंग्लंडात डडलीजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर थॉमस न्यूकमेनने पाणी उपसायचं इंजिन उभं केलं. सिलेंडरमध्ये वाफ भरायची, मग आत गार पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलतो, पिस्टन खाली गेला की वरच्या तुळईच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेला पंपाचा दांडा वर येतो. म्हणजे जोर लावायचं काम वाफ करतच नव्हती, बाहेरची हवा करत होती, वाफ फक्त जागा करून द्यायला. इंजिन भयंकर खादाड, कोळशातली जेमतेम एक टक्का ऊर्जा कामी यायची, बरेचदा तेवढीसुद्धा नाही. पण खाण कोळशाचीच असेल तर कोण हिशोब विचारतंय, विकला न जाणारा चुरा तिथेच पडलेला असायचा.

खरी पंचाईत कॉर्नवॉलमध्ये. तिथे तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी, खोल, पाण्याने भरणाऱ्या, आणि कोळसा मात्र स्वतःचा अजिबात नाही, तो साउथ वेल्सहून जहाजाने आणायचा. त्यामुळे तिथे प्रत्येक पोत्यापायी खाणमालकांचा जीव जायचा.

आता जेम्स वॅट. वाफेवर किटलीचं झाकण उडताना बघून त्याने इंजिन शोधलं ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो, ती सोडून द्या, इंजिनं त्याच्या जन्माआधीपासून चालू होती. तो ग्लासगो युनिव्हर्सिटीत उपकरणं बनवणारा कारागीर होता आणि 1763-64 च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकमेन इंजिनाचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीला आलं. त्याच्या लक्षात आलं की एकच सिलेंडर दर फेरीला तापवायचा आणि लगेच गार करायचा, यात बहुतेक वाफ सिलेंडरची भिंत पुन्हा तापवण्यातच खर्ची पडते. 1765 मध्ये उपाय सुचला, वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायचं, सिलेंडर कायम गरम आणि कंडेन्सर कायम गार. पेटंट 1769 चं. मॅथ्यू बोल्टनबरोबर भागीदारी 1775 पासून. आणि यांची धंद्याची पद्धत मला शोधाइतकीच भारी वाटते, कारण खाणीकडून पैसे घ्यायचे ते जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या एक तृतीयांश किमतीइतके. साहजिकच किती वाचला हे मोजावं लागलं. तिथून 'ड्यूटी' हे माप रुजलं, म्हणजे एक बुशेल (जुनं इंग्रजी माप) कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर उचललं.

पैसे देताना खाणमालक कुरकुरायचे, कोर्टकज्जे झाले, 1800 मध्ये पेटंट संपल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मोजमापही ढिलं पडलं. पण 1811 पासून जोएल लीन नावाच्या खाण-मॅनेजरने दर महिन्याला कुठल्या खाणीवरचं इंजिन किती ड्यूटी देतंय याचा तक्ता छापायला सुरुवात केली. जाहीर तक्ता म्हटल्यावर इंजिनियर लोकांत चुरस लागणारच. सुरुवातीच्या न्यूकमेन इंजिनांची ड्यूटी अर्ध्या कोटी पौंडांच्या आसपास, वॅटच्या इंजिनांची दोन कोटींच्या वर, आणि 1830 च्या दशकात कॉर्नवॉलच्या सगळ्यात चांगल्या इंजिनांनी दहा कोटींचा आकडा पार केला. तेवढ्याच कोळशात वीसपट काम, आणि हे कुठलाही सिद्धांत माहीत नसताना, निव्वळ ठोकाठोकी, जास्त दाबाची वाफ आणि ती सिलेंडरमध्ये जास्तीत जास्त प्रसरण पावू द्यायची या जोरावर.

मग प्रश्न येतोच, की हे कुठवर ताणता येईल? वीसपट झालं, अजून शंभरपट होईल का, वाफेऐवजी हवा किंवा अल्कोहोल वापरलं तर अजून फायदा का? हा प्रश्न नीट विचारणारा माणूस इंग्रज नव्हता, फ्रेंच होता. सादी कार्नो, जन्म 1796 चा. नाव फारसी कवी सादीवरून ठेवलेलं. वडील लाझार कार्नो, क्रांतीच्या काळात फ्रान्सचं सैन्य उभं करणारे, नेपोलियन पडल्यावर हद्दपार होऊन जर्मनीत माग्डेबुर्गला राहिलेले. मुलगा लष्करी इंजिनियर, पण बापाच्या नावामुळे नव्या राजवटीत कोपऱ्यात पडलेला, अर्ध्या पगारावर पॅरिसमध्ये. 1824 मध्ये त्याने आगीच्या चालकशक्तीवर एक छोटं पुस्तक स्वखर्चाने छापलं. सुरुवातीलाच तो म्हणतो की इंग्लंडकडून आज वाफेची इंजिनं काढून घेतली तर त्यांचा कोळसा आणि लोखंड दोन्ही गेल्यासारखं होईल. वॉटर्लूच्या पराभवाला अजून दहा वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे ते वाक्य फ्रेंच माणसाला कुठे लागत असेल ते समजून घ्या.

त्याचं म्हणणं असं. इंजिन चालायला नुसती उष्णता पुरत नाही, गरम जागा आणि गार जागा दोन्ही लागतात. धबधब्याचं पाणी वरून खाली पडताना चाक फिरवतं तशी उष्णता गरमाकडून गाराकडे जाताना काम करते. आणि जास्तीत जास्त किती काम मिळेल हे फक्त त्या दोन तापमानांवर ठरतं, आत वाफ आहे का हवा का अल्कोहोल याने फरक पडत नाही. पुराव्यासाठी त्याने एक आदर्श इंजिन कल्पिलं जे उलटंही चालवता येतं, सरळ चालवलं तर काम देतं, उलटं चालवलं तर काम घेऊन उष्णता गाराकडून गरमाकडे नेतं (आपला फ्रिज म्हणजे हेच उलटं इंजिन). समजा याहून सरस इंजिन कुणी बनवलं, तर त्या सरस इंजिनाने हे उलटं इंजिन फिरवायचं, सगळी उष्णता परत वर नेऊन ठेवायची आणि वरून थोडं काम फुकट उरेल. फुकट काम अशक्य, म्हणून सरस इंजिनही अशक्य. युक्तिवाद एवढाच! एकही नवं यंत्र न बनवता त्याने जगातल्या यच्चयावत इंजिनांना मर्यादा घालून दिली.

पुस्तकाची फारशी कुणी दखल घेतली नाही. 1832 मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ होती, त्यात 36 व्या वर्षी कार्नो गेला. 1834 मध्ये क्लापेरॉन नावाच्या इंजिनियरने त्याच विचारांना गणिताचं आणि आलेखांचं रूप दिलं, आज पुस्तकांत दिसणारी दाब-घनफळाची बंद आकृती तिथून आली. 1845 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, पॅरिसमध्ये कार्नोचं मूळ पुस्तक शोधत दुकानं पालथी घालत होता, दुकानदारांना सादीचा भाऊ इपोलित माहीत, त्याची समाजकारणावरची पुस्तकं माहीत, सादी कुणालाच नाही.

आता गुंता. कार्नोने पुस्तकात धरलं होतं की उष्णता हा 'कॅलॉरिक' नावाचा एक द्रव असतो आणि तो इंजिनातून जाताना जराही कमी होत नाही, जसं धबधब्याचं पाणी खाली पडून तेवढंच राहतं. तिकडे मँचेस्टरजवळ सॅल्फर्डमधल्या बियर बनवणाऱ्याचा मुलगा जेम्स जूल 1840 च्या दशकात पाण्यात वल्ह्यांचं चाक फिरवून पाणी किती तापतं ते मोजत बसला होता, आणि सांगत होता की काम खर्च केलं की ठरावीक प्रमाणात उष्णता तयार होते, आणि काम मिळवलं की तेवढी उष्णता संपते. 1850 मध्ये त्याने आकडा दिला, एक पौंड पाणी एक डिग्री फॅरनहाइटने तापवायला 772 फूट-पौंड काम. हा माणूस असा की 1847 मध्ये नवी नवरी बरोबर असताना आल्प्समध्ये थर्मामीटर घेऊन धबधब्याचं वरचं आणि खालचं तापमान मोजायला निघाला होता, किस्सा थॉमसननेच पुढे सांगितलेला आहे.

थॉमसनची अवस्था अवघड झाली. कार्नोचा निष्कर्ष पटतो, जूलचे प्रयोगही पटतात, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडतात. हा तिढा सोडवला जर्मनीत रुडॉल्फ क्लाउझियसने, 1850 मध्ये. उष्णतेचा काही भाग कामात बदलतो, इथे जूल बरोबर. उरलेला भाग गार जागेला द्यावाच लागतो, इथे कार्नो बरोबर. फक्त दोघांना मिळून दोन वेगळे नियम लागतात. पहिला, ऊर्जा निर्माणही होत नाही, नष्टही होत नाही. दुसरा, उष्णता आपणहून गाराकडून गरमाकडे जात नाही. थॉमसनने 1851 मध्ये हेच आपल्या पद्धतीने मांडलं, आणि 1865 मध्ये क्लाउझियसने दुसरा नियम आकड्यांत मांडणाऱ्या राशीसाठी एन्ट्रॉपी हा शब्द घडवला. गंमत म्हणजे कार्नोची मागे राहिलेली टिपणं भावाने 1878 मध्ये छापली तेव्हा कळलं की कॅलॉरिकवरचा त्याचा विश्वास मरण्याआधीच उडाला होता आणि काम-उष्णतेचा आकडाही त्याने काढून ठेवला होता.

आपल्याकडे 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा हे दोन नियम जेमतेम तीन वर्षांचे होते. त्या गाडीला कंडेन्सर नव्हता, वापरलेली वाफ धुरांड्यातून थेट बाहेर, म्हणजे गार टोक शंभर डिग्रीलाच अडकलेलं. आता सूत्र बघा, कमाल कार्यक्षमता म्हणजे दोन तापमानांतला फरक भागिले गरम तापमान, दोन्ही केल्व्हिनमध्ये (सेल्सिअसमध्ये 273 मिळवले की केल्व्हिन). वाफ 100 अंशांची आणि कंडेन्सर 30 चा असेल तर 70 भागिले 373, म्हणजे 19 टक्क्यांच्या आत. आदर्श इंजिनाला! गार टोक भोवतालच्या हवा-पाण्याहून फारसं गार करता येत नाही, त्यामुळे वाढवायचं तर एकच मार्ग, गरम टोक अजून गरम करा. रुडॉल्फ डिझेलने म्युनिकला शिकताना हेच डोक्यात घेतलं आणि 1897 मध्ये त्याच्या इंजिनाने 26 टक्के गाठले. आपल्या नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात 660 मेगावॅटचे सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या आणि तापमानाच्या वाफेवर चालणारे) संच बसवले तेही याच हिशोबाने, तरी अशा संचात कोळशातली साधारण 40 टक्केच ऊर्जा विजेत येते. कूलिंग टॉवरमधून जे पांढरं निघतं त्याला लोक धूर समजतात, तो धूर नाही, ते पाण्याचे बारीक थेंब आहेत, आणि त्यांच्याबरोबर बाहेर जाते ती दुसऱ्या नियमाने भरायला लावलेली उष्णता.

नंतर जर्मन शास्त्रज्ञ नेर्न्स्टने 1906 मध्ये निरपेक्ष शून्याजवळ काय होतं यावर तिसरा नियम आणला, इंजिनवाल्यांना त्याचं फारसं काही नाही. आणि सगळ्यात शेवटी आलेल्या नियमाला नंबर मिळाला शून्य. दोन वस्तू तिसरीशी समतापमान असतील तर एकमेकींशीही असतात, हे थर्मामीटर वापरणारा प्रत्येकजण आधीपासून गृहीत धरत होताच, पण तो नियम म्हणून लिहायचा राहिला होता, आणि एक, दोन, तीन नंबर तर आधीच वाटून झालेले. झिरोथ (शून्यावा) हे नाव ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ राल्फ फाउलरने दिलं, आणि भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्डने नोंदवून ठेवलंय की ते सुचलं तेव्हा फाउलर मेघनाद साहा आणि श्रीवास्तव यांनी 1935 मध्ये लिहिलेल्या उष्णतेवरच्या पाठ्यपुस्तकाबद्दल बोलत होता.