वडिलोपार्जित शिकारीच्या ट्रॉफीचं मालकी प्रमाणपत्र: अर्ज नेमका कुठे अडतो

आजोबांच्या काळातली बिबट्याची कातडी, भिंतीवरची काळवीटाची शिंगं, भुसा भरलेलं गव्याचं मुंडकं, आजीच्या डब्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख. या वस्तू घरात असणं म्हणजे केवळ आठवण जपणं नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्या बाळगायला मालकी प्रमाणपत्र लागतं आणि ते नावावर करून घेताना बहुतेकांचे अर्ज त्याच दोन-तीन ठिकाणी अडकतात.

पहिली अडचण मुदतीची. मूळ प्रमाणपत्रधारक वारल्यावर वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यायचं असतं. हे कलम ४० मध्ये स्पष्ट आहे. पण लोक दिवस मोजायला सुरुवात करतात ती वारस प्रमाणपत्र हातात पडल्यापासून, नाहीतर भावाभावांत वाटण्या झाल्यापासून. वारसा उघडतो तो मृत्यूच्या दिवशी, आणि दिवस तिथूनच धरा. न्यायालयातून वारस प्रमाणपत्र मिळायला ९० दिवस पुरत नाहीत हे कुणालाही सांगायला नको, तरी कार्यालयात गेलं की 'आधी वारस प्रमाणपत्र आणा' असं सांगून परत पाठवतात. परत जाऊ नका. कायद्याने ९० दिवसांत मागितलंय ते घोषणापत्र, पूर्ण फाईल नव्हे. मृत्यू दाखला, जुन्या प्रमाणपत्राची प्रत, वस्तूंचं वर्णन आणि 'वारस प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे, मिळताच सादर करू' अशी ओळ, एवढ्यावर घोषणापत्र द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. समोर घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने नोंदणीसह पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढे वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद हाच.

दुसरी अडचण जास्त अवघड: मूळ मालकी प्रमाणपत्रच सापडत नाही. लोक त्याऐवजी बंदुकीचा परवाना आणतात, शिकारीचा जुना परवाना आणतात, आजोबा वाघाजवळ उभे आहेत असा फोटो आणतात. शिकारीत भुसा भरून देणाऱ्या म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या कारखान्याचं लेबल मागच्या बाजूला असेल तर तेही दाखवतात. वस्तू जुनी आहे हे सांगायला या गोष्टी उपयोगी आहेत, जरूर जोडा, पण त्या मालकी प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत. कायदा लागू झाला तेव्हा ३० दिवसांत घोषणा करायची होती. ज्यांची राहिली त्यांना २००३ साली १८० दिवसांची आणखी एक संधी मिळाली, ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपली. आजही एजंट 'पुढच्या महिन्यात खिडकी उघडणार आहे' असं सांगून पैसे घेतात. राजपत्रातली अधिसूचना स्वतः पाहिल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका.

कागद खरोखर हरवला असेल, मुळात काढलाच नव्हता असं नसेल, तर त्या काळी कुटुंब ज्या वनविभागाच्या हद्दीत राहत होतं तिथे माहिती अधिकारात नोंदवहीची प्रत मागा. आत्ताच्या पत्त्याच्या विभागात शोधून काही हाती लागत नाही आणि लोक नेमकं तेच करतात. कातडीच्या मागचं अस्तरही उलटून पाहा. कलम ४१ खाली तपासणी करताना अधिकारी ओळखचिन्ह उमटवतात. तो क्रमांक मिळाला तर नोंद सापडायला मोठी मदत होते. अस्तर विरलंय म्हणून शिंप्याकडून बदलून घेऊ नका. चिन्ह पुसणं हाही गुन्हा आहे.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी वेगळं सांगायला हवं. करवतमाशाची दोन्ही बाजूंना दात असलेली सोंड अनेक कोळ्यांच्या घरात आहे. हा मासा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आला २००१ साली, त्यामुळे 'आमच्या आज्याने पकडला होता' हे खरं असूनही कागद नसतो. अशांनी वस्तू विकायला काढण्याआधी, समाजमाध्यमावर फोटो टाकण्याआधी वकिलाला भेटावं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा तुरुंगवास आहे, शिवाय किमान २५,००० रुपये दंड.

काकांनी हयातीत 'तू घेऊन जा' म्हणून दिलेली कातडी हा वारसा नाही. कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला अशी वस्तू फक्त वारशानेच मिळू शकते. प्रेमाने दिलेली भेट पुतण्याला अडचणीत आणते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना वेळीच सांगा.

बाकी कागद नेहमीचे: ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, प्रत्येक वस्तूचे फोटो आणि मापं. मापं जुन्या प्रमाणपत्राशी ताडून पाहा. 'डोक्यासह कातडी, एक' अशी नोंद असताना घरात डोकं वेगळं आणि कातडी वेगळी झाली असेल तर ते अर्जातच लिहा. पंचनाम्याच्या वेळी फरक निघाला की संशय येतो, आणि पुढचं सगळं तिथेच थांबतं. फोटो काढताना हातमोजे आणि मास्क घाला, मुलांना लांब ठेवा. जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक चोळत असत, आणि ते विष इतक्या वर्षांनीही तिथेच असतं. केस झडलेत, कान फाटलाय म्हणून ओळखीच्या कारागिराकडेही देऊ नका. हे काम परवान्याशिवाय करता येत नाही. दुरुस्तीची परवानगी वनविभागाकडेच मागा.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे विकता येतं असं नाही. विक्री कुठल्याही रूपात बंद आहे. दुसऱ्या राज्यात घर हलवताना सामानाच्या ट्रकमध्ये गुंडाळून टाकू नका. वाहतुकीची परवानगी आधी घ्या आणि पोचल्यावर ३० दिवसांत तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवा.

ठेवायचंच नसेल तर २०२२ च्या कायदादुरुस्तीने सोय केली आहे. प्रमाणपत्रधारकाने ७ कामकाजाच्या दिवसांची लेखी सूचना देऊन वस्तू जमा करायची. मोबदला मिळत नाही, प्रमाणपत्र त्या दिवसापासून रद्द होतं आणि वस्तू राज्य सरकारची होते. विहिरीत टाकून किंवा जाळून सुटका होत नाही, कारण नोंदवहीत ती तुमच्याच नावावर राहते. जमा करताना प्रत्येक वस्तूचा वेगळा उल्लेख असलेली, सहीशिक्क्याची पावती तिथल्या तिथे मागून घ्या.